दंतवैद्य गाठेपर्यंत

दाढ ठणकू लागते ती बहुधा रात्री, आणि त्यामागे योगायोग नसतो. दाताच्या पोटात मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात आणि त्याच्या चहूबाजूंनी हाडाहून टणक भिंत असते. कीड या गाभ्यापर्यंत पोचली की तो सुजतो. शरीराच्या इतर भागाला सूज आली तर तो भाग फुगतो. दाताच्या आत फुगायला जागाच नसते. सगळा दाब नसेवर येतो. माणूस आडवा झाला की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, दाब आणखी चढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाढ ठोके देऊ लागते. दिवसभर कामाच्या नादात जे दुखणे अंगावर काढले, ते रात्री एक-दोनच्या सुमारास सहन होईनासे होते. त्या वेळी दंतवैद्याचा दवाखाना बंद असतो, कोपऱ्यावरचे मेडिकल बंद असते आणि घरात उरतात लवंग, हळद, मीठ, एखादी जुनी गोळी आणि शेजाऱ्यांचे सल्ले.

दुखणे सुरू झाल्यापासून दंतवैद्य भेटेपर्यंतचा हा काळ कधी काही मिनिटांचा असतो, कधी दोन-तीन दिवसांचा. या काळात घरच्यांकडून दात बरा होणार नसतो. किडलेला भाग काढणे, पू वाहून जायला वाट करून देणे, मोडलेला जबडा बसवणे ही कामे स्वयंपाकघरात होत नाहीत. घरच्यांनी दोन गोष्टी साधल्या तरी पुरे: दुखणे आटोक्यात ठेवणे आणि वैद्याचे काम अवघड होईल असे काही न करणे. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे. हिरडी भाजलेली, जखमेत तंबाखू कोंबलेली, सुजेवर गरम शेक दिलेला, असे रुग्ण दंतवैद्याच्या खुर्चीत नेहमीच येतात आणि मूळ आजाराच्या आधी त्या उपायांचे परिणाम निस्तरावे लागतात.

छत्रपती संभाजीनगर शहरात दंतवैद्यांची वाण नाही. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे सगळ्या मराठवाड्याला 'घाटी' म्हणून ठाऊक असलेल्या रुग्णालयाच्या परिसरात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यानंतर राज्य शासनाने काढलेले हे दंत महाविद्यालय. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय आहे. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण जिल्हा म्हणजे शहर नव्हे. पैठण सुमारे ५० किलोमीटरवर, सिल्लोड सुमारे ६५ किलोमीटरवर, सोयगाव त्याहून बरेच पलीकडे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला दवाखाना जवळ असूनही वेळेच्या हिशेबाने लांब असतो. पडलेला दात वाचवायचा तर हाताशी जेमतेम तास असतो, आणि तालुक्याच्या गावाहून शहरात यायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून काही निर्णय घरातच किंवा शाळेच्या पटांगणावरच घ्यावे लागतात.

दाढदुखीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिच्याबद्दलचे समज सर्वांत जुने आहेत. सुश्रुतसंहितेत किडक्या दाताला 'कृमिदंतक' असे नाव आहे. दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो ही कल्पना भारतातच नव्हे, बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सगळीकडे होती. गावोगावी रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन 'कीड पाडण्याचा' प्रघात याच कल्पनेतून आला. धुरीनंतर जे पांढरे बारीक कण खाली पडलेले दाखवतात ते किडे नसतात. उष्णतेने फुटलेल्या बियांतले ते कोंब असतात. पिएर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना अमान्य केली. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर याने तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो हे प्रयोगांनी मांडले. तरी बाजाराच्या दिवशी कानातली आणि दातातली कीड काढून देणारे अजून भेटतात. त्यांच्या हातून पैसे जातात हा तोटा लहान. मोठा तोटा असा की 'कीड काढली, आता बरे आहे' म्हणून दोन-चार महिने निघून जातात आणि सिमेंट भरून वाचला असता तो दात उपटायची वेळ येते.

दुखणे कोणत्या टप्प्यावर आहे हे घरी बऱ्यापैकी ओळखता येते. गार पाणी किंवा गोड खाल्ल्यावर कळ येते आणि काही सेकंदांत जाते, तेव्हा गाभा अजून सावरण्याजोगा असतो. चार-आठ दिवसांत दंतवैद्याकडे गेले तर साध्या भरण्यावर निभावते. गरम चहाने कळ उठते आणि मिनिटे-मिनिटे राहते, कारण नसताना आपोआप ठणका सुरू होतो, झोप मोडते, तेव्हा गाभा वाचण्यापलीकडे गेलेला असतो. या अवस्थेतला रुग्ण दवाखान्यात येतो तो हातात गार पाण्याची बाटली घेऊन. दर दोन मिनिटांनी घोट घेतो, दाढेवर धरून ठेवतो. पाणी तोंडात कोमट झाले की पुन्हा कळ, पुन्हा घोट. ही बाटली पाहूनच अनुभवी दंतवैद्य निम्मे निदान करतो. अशा दाताला रूट कॅनाल किंवा काढून टाकणे, एवढेच दोन मार्ग उरतात. आणि मग एके दिवशी ठणका एकाएकी थांबतो. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण दाढ बरी झालेली नसते, तिची नस मेलेली असते. जंतू आता मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. यानंतर काही दिवसांनी दाढ 'उंच झाल्यासारखी' वाटू लागते, वरचा दात टेकला तरी ब्रह्मांड आठवते. ती गळवाची सुरुवात.

दवाखाना उघडेपर्यंत काय करावे? पहिले म्हणजे दाढेत अडकलेले अन्न काढावे. कोमट पाण्याच्या खळखळून गुळण्या, मऊ ब्रश आणि मिळाल्यास दातांचा धागा. टाचणी, सेफ्टी पिन, खराट्याची काडी ही हत्यारे हिरडी फाडतात आणि कधी मोडून आतच राहतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरते. उशाखाली आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवले तर ठणका बराच उतरतो; या फुकटच्या उपायाकडे सहसा लक्ष जात नाही.

लवंगेच्या तेलाला खरोखर आधार आहे. त्यातले युजेनॉल नस बधिर करते, आणि दंतवैद्य तात्पुरते सिमेंट म्हणून जे वापरतात त्यातही झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असते. पण तेल एक-दोन थेंबच घ्यायचे, कापसाच्या बारीक बोळ्यावर, आणि बोळा किडीच्या खड्ड्यातच ठेवायचा. हिरडीवर आणि गालाला फासलेले तेल कातडी पांढरी करून जाळते. लहान मुलांना तर बाटलीतले तेल हाती लागूच देऊ नये. पोटात गेलेले थोडेसे तेलही त्यांना घातक ठरू शकते. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरणे हा तर निव्वळ वेडेपणा. ॲस्पिरिन पोटात जाऊन रक्तातून काम करते; हिरडीवर ठेवले की ते फक्त आम्ल असते आणि तिथे भाजल्याचा पांढरा चट्टा उठतो.

वेदनाशामक गोळ्यांचे तारतम्य इथे थोडे विस्ताराने मांडणे भाग आहे. दातदुखी सुजेमुळे होते, म्हणून सूज उतरवणारी आयबुप्रोफेन या दुखण्याला चांगली लागू पडते. निरोगी प्रौढाने ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणानंतर घ्यावी, पुढची किमान सहा तासांनी. तिच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल चालते आणि दोन्ही मिळून एकट्या कोणत्याही गोळीपेक्षा चांगला उतार देतात. पॅरासिटामॉल २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. रोज दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने त्याहून बरेच कमी. इथे एक गफलत नेहमी होते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ही दोन्ही औषधे आधीच एकत्र असतात. तशी गोळी घेऊन वर सर्दी-तापाची म्हणून दुसरी गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होते. पाकिटाच्या मागचा मजकूर वाचणे हाच त्यावर इलाज. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप आहे आणि डेंग्यूचा संशय आहे, तेव्हाही नको. अशा वेळी पॅरासिटामॉल बरे. मुलांना ॲस्पिरिन द्यायचे नाही. निमेसुलाइडवर तर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. घरातली उरलेली गोळी अर्धी करून मुलाला देण्याची सवय मोडायला हवी.

दुसरी सवय प्रतिजैविकांची. 'दाढ दुखते, ॲमॉक्सिसिलिनची पट्टी द्या' असे काउंटरवर सांगितले की बहुतेक ठिकाणी चिठ्ठीशिवाय पट्टी मिळते. मेलेल्या किंवा सुजलेल्या गाभ्यापर्यंत रक्तपुरवठाच धड नसतो, तिथे औषध पोचणार कसे? ताप, पसरणारी सूज, मानेतल्या गाठी अशी लक्षणे नसतील तर प्रतिजैविकाने दाढदुखी कमी होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये याच अर्थाची शिफारस केली. तीन दिवस गोळ्या खाऊन सोडून दिल्या की जंतू तेवढे निगरगट्ट होतात.

मराठवाड्यात या विषयाची आणखी एक बाजू आहे, तंबाखूची. दाढ दुखते म्हणून तंबाखूची चिमूट दाढेखाली धरणे किंवा मिश्री लावणे हा घरोघरचा उपाय. तव्यावर तंबाखू काळी होईस्तो भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि बोटाने हिरडीवर घासायची. सासूची डबी सुनेकडे येते ती अशीच. थोडा बधिरपणा येतो, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण दुखणे गेले तरी डबी जात नाही. एका दाढेपायी लागलेली सवय पुढे वीस-तीस वर्षे चालते आणि हिरड्या, गाल यांच्या कर्करोगाचे एक कारण बनते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांत गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे झालेले तरुण दंत महाविद्यालयात येतच असतात. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्याच्या मागच्या दाढेपर्यंत उपकरण न्यायचे कसे, हा प्रश्न तातडीच्या वेळी अधिकच बिकट होतो.

सगळी दाढदुखी दाढेची नसते, हेही ध्यानात असावे. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकल्यावर जड होतात, तेव्हा दोष बहुधा गालाच्या हाडातल्या पोकळीचा असतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण राज्यभर सापडले, त्यांतल्या कित्येकांची पहिली तक्रार वरच्या जबड्यातले दुखणे आणि दात हलणे हीच होती. मधुमेह असलेल्या माणसाला असे काही जाणवले तर दिवस घालवू नये. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो, घाम येतो, छातीत आवळल्यासारखे होते, तर दंतवैद्य नव्हे, हृदयाचा डॉक्टर गाठायचा.

गाल सुजला की प्रकरण वेगळे होते. आजवर दाताच्या आत असलेला जंतुसंसर्ग आता हाडाबाहेर पडून मऊ भागात शिरलेला असतो. अशा वेळी विटेचा, तव्याचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. शेकाने रक्तप्रवाह वाढतो, सूज फैलावते आणि गळू आत फुटायचे ते गालावर बाहेर फुटते. त्याचा व्रण जन्मभर चेहऱ्यावर राहतो. बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, तोंडात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, आणि त्याच दिवशी दंतवैद्य. गळू सुईने फोडण्याचा मोह आवरावा.

सुजेची दिशा पाहणे फार महत्त्वाचे. खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या जागेला लागून असतात. तिथला पू हनुवटीखाली आणि जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरला की जीभ वर उचलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. या अवस्थेचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ मध्ये केले आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक लागतो, थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळू लागते, बोलणे तोंडात गरम घास असल्यासारखे येते, तोंड उघडत नाही, ताप असतो, रुग्ण आडवा होऊ शकत नाही आणि पुढे वाकून बसतो. यांतली दोन लक्षणेही एकत्र दिसली तर दंतवैद्याच्या दवाखान्यात जाण्यात वेळ घालवू नये, थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटली असेल तरीही हेच. दाताच्या दुखण्याने माणूस दगावतो हे ऐकायला अतिशयोक्त वाटते. तो दगावतो तो याच वाटेने, आणि मधुमेही माणसाला ती वाट फार जवळची.

अपघातात पडलेला दात हा या विषयातला सर्वांत घाईचा भाग, आणि सर्वांत कमी माहिती असलेला. सात ते दहा वर्षांची मुले, वरचे पुढचे दोन दात, झोका, सायकल, शाळेचा जिना किंवा कबड्डीचे मैदान, असा त्याचा ठरलेला नकाशा. दात मुळासकट बाहेर येतो. बहुतेक वेळा तो शोधलाच जात नाही, किंवा कागदात गुंडाळून खिशात ठेवला जातो.

दाताच्या मुळावर एक पातळ आवरण असते. त्यातल्या पेशी जिवंत असतील तर दात पुन्हा हाडाशी जुळतो. कोरड्या हवेत त्या पेशी तासाभरात मरतात, पहिल्या काही मिनिटांपासूनच मरू लागतात. म्हणून उत्तम साठवण म्हणजे दाताची मूळ जागा. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, पिवळसर मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा अगदी हलक्या धारेखाली काही सेकंद विसळावा; घासू नये, साबण नको, हळद नको, स्पिरिट तर नकोच. मग दाताची बाहेरची फुगीर बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे ठेवून तो खाचेत हळूच पण ठामपणे दाबून बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमालावर दात मिटायला सांगावे. पालकांचा हात थरथरतो, हे साहजिक आहे. पण अपघात ताजा असताना खाच बधिरच असते आणि मुलाला वाटते तितके दुखत नाही. थोडा तिरका बसला तरी हरकत नाही, दंतवैद्य तो सरळ करतो.

बसवणे जमलेच नाही तर थंड दूध. पिशवीतले, उकळून गार केलेले, गाईचे किंवा म्हशीचे, कोणतेही बिनसाखरेचे दूध चालते, कारण त्यातले क्षारांचे प्रमाण पेशींना सोसवणारे असते. दही आणि ताक आंबट म्हणून बाद. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. तरी कोरड्या रुमालापेक्षा पाणी बरे. दूध नसेल तर मुलाचीच लाळ छोट्या झाकणाच्या डबीत घेऊन दात तीत बुडवावा. दात गालात धरून नेण्याची युक्ती मोठ्या माणसापुरतीच ठीक, मूल तो गिळून बसते. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात दुधाची डबी बर्फाच्या खड्यांत ठेवून न्यावी, बर्फ दुधात टाकू नये. तास उलटून गेला म्हणून दात फेकूनही देऊ नये. उशिरा बसवलेला दात फार वर्षे टिकला नाही तरी वाढत्या वयात जबड्याचे हाड राखतो. दंतवैद्य दात बारीक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधतो आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करतो.

हे सारे पक्क्या दातासाठी. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, कारण त्याच्यावर पक्क्या दाताचा अंकुर असतो आणि त्याला इजा पोचते. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचा असतो. तो लहान, दुधी पांढरा दिसतो. नुकताच आलेला पक्का दात मोठा, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखा असतो. मूल बेशुद्ध झाले होते, उलट्या होत आहेत, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाणी येत आहे, तर दाताचा विचार नंतर, डोक्याचा आधी.

दुचाकीच्या अपघातात जबडा मोडतो. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत, खालचा ओठ बधिर होतो, हिरडीत पायरी पडल्यासारखी दिसते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर ओढणी किंवा उपरणे हनुवटीखालून डोक्यावर सैलसर बांधून आधार द्यावा. जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडेच राहिले तर हनुवटीला हाताचा आधार देऊन रुग्णालयात जावे. ओळखीच्या कुणाकडून 'झटका देऊन बसवणे' म्हणजे निखळलेला जबडा मोडून घेणे.

दात तुटण्याची कारणे खाण्यातही आहेत: सुपारी, दाताने सोललेला ऊस, नान-खलियातले हाड, बाटलीचे झाकण. तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात ठेवून न्यावा, तो पुष्कळदा परत चिकटवता येतो. तुटलेल्या भागात लाल ठिपका दिसत असेल तर गाभा उघडा पडला आहे, त्याच दिवशी जावे. दाताला नुसती भेग गेली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. चावताना नव्हे, चावून दात उघडताना कळ येते, ही तिची खूण. निघालेली कॅप जपून ठेवावी. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती किंवा मोडलेली कवळी जोडू नये. तो गोंद तोंडासाठी नसतो आणि वाकडी बसलेली कॅप नंतर निघत नाही. दातांना बसवलेल्या तारेचे टोक गालाला टोचत असेल तर मेणाची गोळी त्यावर दाबावी. खोकल्याचा ठसका लागून कॅप दिसेनाशी झाली, तर ती फुप्फुसात गेली नाही याची खात्री एक्स-रेनेच होते.

दाढ काढल्यानंतरचे रक्त घरच्यांना घाबरवते. थुंकीत मिसळलेले चमचाभर रक्त वाटीभर दिसते. स्वच्छ गॉज किंवा सुती फडके ओले करून त्याची जाड घडी खाचेवर ठेवावी आणि अर्धा तास दात घट्ट मिटून बसावे. मध्ये उघडून पाहू नये; दर पाच मिनिटांनी पाहणाऱ्याचे रक्त थांबत नाही. थुंकणे, चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे यांनी गाठ निसटते. चहात रक्त गोठवणारे टॅनिन असते म्हणून भिजवलेली चहाची पुडी दाबून धरण्याचा सल्ला देतात आणि तो योग्य आहे, पण ती कागदी पुडी. आपल्याकडच्या डब्यातली सुटी चहापूड, हळद किंवा तंबाखू खाचेत भरली की पू होण्याची सोय होते. अर्ध्या-अर्ध्या तासाचा दाब दोनदा देऊनही रक्त वाहते राहिले तर दवाखाना. हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दात काढण्याआधीच दोन्ही डॉक्टरांना सांगावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाचेतून कानापर्यंत जाणारी कळ आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली तर रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडले आहे. गोळ्यांनी ते भागत नाही, दंतवैद्य खाच धुऊन औषधी पट्टी ठेवतो आणि दुखणे तासाभरात उतरते.

कुठे जायचे हे आधीच ठरलेले असावे. शासकीय दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतो, आणि सकाळी लवकर गेले तर केसपेपर, एक्स-रे आणि उपचार एकाच फेरीत होण्याची शक्यता अधिक. जुने कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि मधुमेहाचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्यावा. दुखणाऱ्या बाजूवर मलम किंवा मिश्री लावून जाऊ नये, नेमकी कोणती दाढ आहे हे शोधणे त्याने अवघड होते. रात्री पसरणारी सूज, न थांबणारे रक्त आणि जबड्याचा अपघात यांसाठी घाटीचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो, आणि जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.